मायची सात पावलं

आमची माय गोजरबाई. काचबिंदूनं तिचे डोळे गेले त्याला बारा वर्षं झाल्ती, पण पिंपळगावच्या घरात तिनं कधी कोणाचा हात धरला न्हाई. चुलीपासून उंबरा सात पावलं, डाव्या अंगाला बाज, पुढं रांजण. जिऱ्याचा डबा आम्ही डोळेवाल्या शोधत बसायचो अन् माय बसल्या जागी सांगायची. केवढा तोरा तिचा! "डोळे गेले तर गेले, डोकं शाबूत हाय ना," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

दोन हजार तीनला माझा धाकटा भाऊ धर्मराज पुण्याहून सुट्टीवर आला. कंप्युटरच्या खेळातली माणसं बनवायचं त्याचं काम. म्हणाला, "बेबीताई, आमच्या खेळातल्या माणसाला भिंतीआडचंबी सगळं ठाऊक असतं, ते खोटं वाटतं. जेवढं पाह्यलं तेवढंच त्याला आठवलं पाहिजे. अन् आठवणीतली वस्तू जागेवर नसली तर तो काय करंल, तेच जमून न्हाई राह्यलं."

मंग हा शहाणा वही घेऊन मायच्या मागं मागं. तिची पावलं मोजायचा. मला कौतुक वाटलं, मेलं माझं कौतुक!

तिसऱ्या दिवशी माय बाजेला अडखळून पडली. पहिला पोचला तो धर्मराजच. आम्ही गेलो तर बाज जागच्या जागी अन् मायचं मनगट मोडलेलं. प्लास्टर चढवताना ती एकच म्हणत होती, "मीच इसरले गं."

तवापासून ती भिंत चाचपत चालू लागली. जिरं कुठंय विचारलं की म्हणायची, "मला नका इचारू. डोकंबी चाललं आता." पदर तोंडाला लावून रडायची. धर्मराज कोपऱ्यात वही घेऊन बसलेला.

माय पडल्याच्या आठव्या दिवशी ती वही माझ्या हाती लागली. 'बाज दोन हात सरकवली. जुन्या जागेच्या भरवशावर चालली, पडली.' खाली, 'आता प्रत्येक पावलाला हात लावून खात्री करते.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वही त्याच्या तोंडावर फेकली. "सांग तिला! आत्ताच्या आत्ता सांग!"

तो मायच्या पायाशी बसला. "माय, तू इसरली नव्हतीस. बाज मी सरकवल्ती, अन् तू पडल्यावर परत जागी लावली. तू काय करतीस, ते पाह्यचं होतं."

मला वाटलं, चला, तिचा जीव भांड्यात पडला. मायनं त्याचं तोंड चाचपलं.

"अन् आठ दिस मी रडून राह्यले, तेबी पाहतच होतास का रं?"

माय उठली, अन् भिंतीला हात न लावता आत निघून गेली.