ओक्ताविलचा कोबी

मेरिसेना बाजारात माझ्या शेजारी बसायची. मी लिंबं विकायचे, ती कोबी. पेतियोंव्हिलच्या बाजारातल्या आमच्या जागा आमच्या आयांपासूनच्या. "तुझं बरंय बाई, लिंबू पडून राहिलं तरी लिंबूच. माझा माल एका उन्हात मान टाकतो," असं ती मला उठता-बसता ऐकवायची. स्वभावाने फटकळ, पण वजनात कधी खोट नाही.

माल ती केन्सकॉफच्या डोंगरावरून आणायची, एकाच शेतकऱ्याकडून, ओक्ताविलकडून. तो तिचा प्रातिक आणि ती त्याची. आमच्याकडे हे नातं लग्नाइतकं पक्कं, फक्त पाद्री लागत नाही. कोबी मातीमोल झाला तरी तिनं त्याचा माल उचलायचा, आणि कोबी औषधाला मिळेनासा झाला तरी त्यानं तो तिच्यासाठीच राखायचा.

त्या वर्षी थंडी लांबली. डोंगरावर सगळ्यांचा कोबी एकदमच तयार झाला आणि बाजारात ढीग लागले. गिऱ्हाइकं बघायलाही थांबेनात. ट्रकचं भाडंसुद्धा सुटत नव्हतं.

"मी काही वर जात नाही," मेरिसेना म्हणाली. "पदरचे पैसे घालून कोबी आणू की काय?"

"अगं, निरोप तरी धाड त्याला."

"तो काय कुकुलं बाळ आहे? विकेल दुसऱ्या कुणाला तरी."

पुढच्या आठवड्यातही ती गेली नाही.

मग पाऊस लागला. असा लागला, की उतारावरची शेतं मातीसकट दरीत गेली. कोबीचा भाव आभाळाला भिडला, हॉटेलांचे आचारी दारोदार कोबी शोधत फिरू लागले. मेरिसेनानं पहिला ट्रक पकडला. ओक्ताविलचे थोडे वाफे वाचले होते. ते त्यानं तिच्यासाठीच राखले होते. सगळा माल त्यानं नेहमीच्या हिशेबानं दिला आणि पोती ट्रकवर चढवून दिली.

"बघ, उगाच घाबरवत होतीस मला," परत आल्यावर ती म्हणाली. त्या दिवशी तिचा माल हातोहात खपला.

काही दिवसांनी ओक्ताविलची बायको लुसियान मीठ-तेल घ्यायला खाली आली आणि मेरिसेनासमोर उभी राहिली. "रोज पहाटे गड्डे कापून रस्त्यावर बसायचा तो, तुझी वाट बघत. बाकीच्या बायका पडत्या भावात का होईना, मागत होत्या. म्हणायचा, हा मेरिसेनाचा माल आहे. शेवटी डुकरांना घातला. त्या पैशांतून छपराचे पत्रे घ्यायचे होते गं आम्हाला. सगळा पाऊस डोक्यावर घेतला."

मेरिसेनानं निरोप पाठवला असता तर त्यानं तो माल मिळेल त्या भावाला विकला असता. एवढ्याशा गोष्टीचा तिनं कंटाळा केला होता, आणि मला अजूनही त्याची हळहळ वाटते.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा कोबीचे ढीग लागले. मेरिसेनानं रिकामी पोती घेतली. "नुकसान तर नुकसान, यंदा त्याचा सगळा माल उचलणार," म्हणाली. मीही सोबत गेले. ओक्ताविलच्या शेतात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घेवडा होता.

"कोबी कुठाय रे?"

"नाही लावला यंदा."

"का? मी आलेय ना! तोट्यात नेते, हवं तर भाव तू सांग."

"तुझ्यावर राग नाही गं," तो म्हणाला. "घेवडा नाही खपला तर घरात शिजतो. कोबी लावला की कुणाची तरी वाट बघत बसावं लागतं."

मेरिसेना रडली, त्याच्याशी भांडलीसुद्धा. त्यानं आम्हाला कॉफी पाजली. निघताना तिनं घेवडा तरी विकत दे म्हणून पोतं पुढं केलं. त्यानं पोतं बाजूला सारलं, ओंजळभर शेंगा तिच्या हातांत ठेवल्या आणि म्हणाला, "घरी खायला ने." पाहुण्याला देतात, तशा दिल्या.