राउटरची झूल

"बिघाड पळून जात न्हाई, आबा. आधी चहा सांगा." दारातच चपला काढत तो हे म्हणायचा आणि सरळ माझ्या वडिलांच्या शेजारी, त्यांच्याच दिवाणावर मांडी घालून बसायचा. मी माझ्याच घरात पाहुण्यासारखा उभा.

तुमच्याही इमारतीत असा एखादा असेलच. आमचा हा शेजारी मूळ राजगुरुनगरचा. भोसरीत स्पेअर पार्टचं दुकान, चऱ्होलीत आमच्या समोरचा फ्लॅट. लिफ्ट बंद पडली की पहिली हाक त्याला जायची, आणि तो लिफ्टला हातही न लावता सगळ्यांना हसवत जिन्यानं खाली न्यायचा. मला त्याचा हेवा वाटायचा, हे इथंच सांगून टाकतो.

आबांचा एकेकाळी बैलगाडा होता. जमिनीवर इमारत उभी राहिली, बैल गेले. उरल्या शर्यतीत मिळालेल्या पितळी ढाली आणि हरण्या बैलाच्या धावेचं जुनं शूटिंग. ते त्यांना टीव्हीवर बघायचं होतं. मी चाकणच्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळतो. पेनड्राइव्ह खोचून काम उरकणं मला कमीपणाचं वाटलं. फायली लॅपटॉपवरून टीव्हीला जोडलेल्या डिस्कवर वाय-फायनंच पाठवायच्या, असं मी ठरवलं. आबांनी एकदा तरी माझ्या कामाला शाब्बास म्हणावं, एवढंच मला हवं होतं. फायली जागच्या हलेनात.

कारण मला ठाऊक होतं. दसऱ्याला आबांनी राउटरला हळदकुंकू वाहिलं आणि मोठ्या मानानं त्याला शोकेसमध्ये ढालींच्या मागे बसवलं. धातूच्या आड सिग्नल दबतो, मी सांगितलं. लॅपटॉपही वायरलेस, टीव्हीही वायरलेस, म्हणजे एकच फाइल हवेतून दोनदा जाते, तेव्हा एका टोकाला तरी वायर जोडू, हेही सांगितलं. आबा म्हणाले, शोभतंय तिथं, असू दे. मी पुन्हा सांगायला लागलो तर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

एका रविवारी जिन्यात शेजाऱ्यानं विचारलं, तोंड का उतरलंय. मी वैतागून सगळं सांगितलं. तो घरात आला, चहा प्याला, हरण्याची चौकशी केली. शर्यतीत गाड्यापुढे पळणारी घोडी कोणाची असायची इथपर्यंत आबा त्याला सांगत बसले. मला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यानं शोकेसकडे बोट केलं.

"आबा, शर्यतीच्या घाटात बैल झूल घालून पळवायचा का?"

"येडा हाय का? झूल मिरवणुकीला. घाटात उतरवायची."

"मग ह्याला कशाला झुलीत कोंडलाय?"

आबा खो खो हसले. स्वतः उठून त्यांनी राउटर बाहेर काढला, उघड्या फळीवर ठेवला. टीव्हीपर्यंत वायरही ओढू दिली. फायली सरसर गेल्या. हरण्या टीव्हीवर धावला आणि आबांची थाप पडली ती शेजाऱ्याच्या पाठीवर.

"मला काय कळतंय, सगळं ह्यांनीच सांगितलं," तो माझ्याकडे हात करून म्हणाला. त्यानं श्रेय लाटलं असतं तर निदान भांडता आलं असतं. ती थाप माझी होती, असं मला आजही वाटतं.

यंदा त्यानं दुकान गावाकडे नेलं आणि फ्लॅट सोडला. निरोप देताना मी हसतमुख होतो. आबा गॅलरीतून टेम्पो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

परवा फायली पुन्हा अडकल्या. बघतो तर राउटर परत ढालींच्या मागे. या वेळी मी काही समजावलं नाही. दिवाणावर आबांच्या शेजारी मांडी घालून बसलो, घोडी कोणाची होती ते विचारलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणालो, "आबा, झूल काढायची का?"

आबा हसले. माझ्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला.

"काढू की. पण आधी त्याला फोन लाव. बिघाड पळून जात न्हाई."