ड वर्गातला दाखला

माझी सगळी नोकरी वर्ध्यात, एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गेली. तिथे जतनाला मुदत असते. अ म्हणजे कायम, ब म्हणजे तीस वर्षं, क त्याहून कमी आणि ड म्हणजे वर्षभर, मग रद्दी. फाइल उचलायची, वरचं पान वाचायचं, लाल पेन्सिलीनं अक्षर टाकायचं. आतली पानं उलटायची रीत आमच्याकडे नव्हती. तपासणी तोंडावर आली की पाणी प्यायलाही कोणी उठत नसे.

निवृत्तीला चार महिने उरले होते तेव्हा पवनारचे एक गृहस्थ आले, एसटीत मेकॅनिक. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि जात पडताळणीसाठी तिच्या आजोबांचा शाळेचा दाखला हवा होता. आजोबांनी तो आमच्याकडच्या एका अर्जाला जोडला होता. शाळेचं रजिस्टर वाळवीनं केव्हाच फस्त केलं होतं.

"झेरॉक्स कोठं होती तवा? बापानं खराच देल्ला," ते म्हणाले. "पोरीची सीट याच्यावर अडून राह्यली, साहेब."

दोन दिवस मी फाइलींचे बस्ते सोडले आणि बांधले. कंबर धरली, नाकात धूळ गेली. शेवटी फाइल सापडली ती नाश नोंदवहीत, म्हणजे आजोबांच्या नावापुढे फक्त तिची ओळ. विषय: स्मरणपत्र. वर्ग: ड. शेरा: नष्ट. अक्षर माझं. अर्जावर नंतर कोणीतरी स्मरणपत्र लावलं असणार आणि मी तेवढंच वाचलं असणार. तो दिवस आठवायचा खूप प्रयत्न केला, पण काहीच आठवेना. त्याचीच जास्त लाज वाटली.

'सापडत नाही' म्हणून त्यांना वाटेला लावता आलं असतं. आम्ही तसंच करत आलो होतो. पण आता खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"तो ड मीच टाकला," मी सांगितलं.

त्यांनी नोंदवही स्वतःकडे ओढली. "पान उलटलं असतं त..." ते म्हणाले. मग त्यांनी त्या ओळीची नक्कल मागितली. मी शिक्का मारून दिली.

त्यांनी ती दोनदा वाचली. "याच्यात दाखल्याचं त नावच नाई."

"नाही."

"मंग हे रजिस्टर तरी राह्यते का?"

"राहतं," मी म्हणालो. "ते अ वर्गात आहे. कायम."