रविवारचं पातेलं

आमच्या चर्चच्या सुवार्ता समितीचा मी चिटणीस कसा झालो, याचं उत्तर सोपं आहे. ज्या सभेत निवड झाली, त्या सभेला मी गैरहजर होतो.

नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. शहराबाहेर आमची एकच घरसभा चालायची, जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला, एका मावशींच्या अंगणात. मावशींनी कोल्हापुरात एका दवाखान्यात आयाची नोकरी केलेली. तिथंच त्यांना प्रार्थनेची ओढ लागली आणि पुढं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात ख्रिस्ती अशा त्या एकट्याच. नवरा वारलेला, घर थोरल्या दिरांचं, अंगणही त्यांचंच. दीर जोतिबाचे भक्त. त्यांनी धाकट्या भावजयीला परवानगी दिली होती ती अशी : "म्हैन्यातनं एकदा, रविवारी दुपारी बसा. पर भानगड नगं. एकदा जरी भानगड झाली, तर त्या दिवसापासनं बंद."

मावशींचे गुडघे गेलेले. एसटी धरून शहरात उपासनेला येणं त्यांना जमत नव्हतं. अंगण बंद म्हणजे त्यांचं सगळंच बंद. प्रत्येक वेळी आम्ही निघताना त्या मला म्हणायच्या, "दादा, तेवढं जपा."

मी जपत होतो. पण सभेला मावशी धरून पाच जण यायचे आणि चिटणीस झाल्यापासून हा पाचाचा आकडा मला खुपायला लागला. मंडळी वाढली पाहिजे, असं आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, दर बैठकीत म्हणायचे आणि म्हणताना माझ्याकडं बघायचे. शेवटी मी एक शक्कल काढली. सभेनंतर अख्ख्या गल्लीला जेवण. तेही साधं नाही, तांबडा रस्सा.

बायको मसाला वाटता वाटता म्हणाली, "तिथं विचारलंय न्हवं?"

"कोल्हापूरच्या माणसाला मटणाचं काय विचारायचं?"

"मी आपलं विचारलं," ती म्हणाली आणि पुढं बोलली नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रविवार जोतिबाचा वार. त्या दिवशी भक्तांच्या घरात मटण शिजत नाही, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण आमच्या ख्रिस्ती घरांत रविवारची उपासना सुटली की मटण आणि त्यावर झोप, हा क्रम लहानपणापासून इतका अंगात भिनलेला, की डोंगराच्या पायथ्याला मटण घेऊन निघालोय हे डोक्यात शिरलंच नाही.

मी आदल्या आठवड्यात गल्लीभर जेवणाचं आवतण देऊन आलो होतो. ताटात काय असणार, ते मात्र गुलदस्त्यात ठेवलं होतं. टेम्पोतून पातेलं उतरवलं, तोंडाला फडकं बांधलं आणि गोठ्याच्या कडेला ठेवलं. वीसेक माणसं आली. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, डोकी मोजत होतो. म्हणून मलाच पहिल्यांदा दिसलं. एका म्हातारीनं नाकाला पदर लावला, नातवाला उचललं आणि ती गेली. मग दोघी उठल्या. मग चौघे. वारा गोठ्याकडून येत होता.

आणि दारात दीर उभे राहिले. नुकतेच डोंगरावरून आलेले, उपाशी, कपाळावर गुलाल.

"पावणं, पातेल्यात काय हाय?"

पाळकसाहेबांची प्रार्थना मधेच थांबली. माझ्या जिभेवर 'बटाट्याचा रस्सा' तयार होता. मावशी माझ्याकडं बघत होत्या.

"मटण," मी म्हणालो.

"आज वार कुठला?"

"रविवार."

"कुनाचा?"

"जोतिबाचा." 'आमचाही' हे ओठांवर आलेलं मी गिळलं.

"म्हंजी ठावं हाय की! मग कशापायी आणलासा? दर बारीला च्यावर भागतंय न्हवं?"

प्रेमानं आणलं, असं म्हणता आलं असतं. पण ते खरं नव्हतं. "माणसं जास्त यावीत म्हणून," मी म्हणालो.

मागून कुणीतरी ओरडलं, "बघा! मटणाच्या वासावर बाटवायला आल्यात!"

पाळकसाहेबांनी हात जोडले. "चूक आमची आहे."

मावशी उठल्या, गोठ्याकडं गेल्या आणि एकट्याच पातेलं उचलायला लागल्या. मी धावत जाऊन दुसरा कान धरला. आम्ही दोघांनी ते गल्लीच्या टोकाला टेम्पोपर्यंत नेलं. रस्सा माझ्या पायावर सांडला. भाजलं, पण ओरडायची सोय नव्हती.

"दादा," मावशी हळू म्हणाल्या, "माझी जागा घालवलीसा."

"मी जाऊन पाया पडतो त्यांच्या."

"नगं. तुम्ही आता कायबी करू नगासा."

आम्ही चाकापाशी उभे राहिलो. आवतणाला आलेली उरलीसुरली माणसंही आमच्या बाजूनं घरी गेली. अंगणातून आवाज नाही. गाणं नाही, भांडणही नाही. मावशींनी टेम्पोचा दांडा घट्ट धरला होता. बराच वेळ गेला असं मला वाटलं, गेला नसेल.

मग दिरांचा आवाज आला. "अवो पाळक, गप का झालासा? पातेलं गेलं न्हवं? काय ऱ्हायलंय ते उरका!"

त्या गुडघ्यांनी मावशी पळाल्या. मी मात्र पातेल्याजवळ थांबलो. कुत्री जमायला लागली होती, त्यांना कुणीतरी हाकलायला हवंच होतं.

सभा उरकल्यावर दीर टेम्पोपाशी आले. "तिच्या बसन्याला माझी ना न्हाय," ते म्हणाले. "पर मानसं तोंडानं बोलवा, पातेल्यानं नगं."

घरी बायकोनं पातेल्यात डोकावून बघितलं, मग माझ्या पायाकडं. "विचारलंवतं न्हवं मी?" तिनं एवढंच विचारलं. आम्ही ते मटण दोन दिवस खाल्लं. समितीच्या वहीत मी उपस्थिती लिहिली : पाच.

पुढच्या महिन्यात गेलो, तर मावशी अंगणाच्या तोंडाशीच उभ्या. दारात दीर.

"आधी पिशवी उघडा," मावशी म्हणाल्या.

मी उघडली. बायबल, गीतपुस्तक आणि बिस्किटांचा एक पुडा. मावशींनी पुडा उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितला.

"ह्यात अंडं न्हाय न्हवं?"