ताटलीत वाजणारं काडतूस

माझे बाबा अमरावतीत पोलिसांच्या शस्त्रागारात कारागीर होते. निवृत्त झाले, पण हात काही स्वस्थ बसेनात. मी नेमबाजी करते. माझ्या पिस्तुलाची वापरलेली पितळी काडतुसं ते रीतसर परवान्यानं पुन्हा भरतात, शिशाची गोळी बसवून. घरी भरलेली काडतुसं हमखास अडकतात, असं क्लबात सगळे म्हणायचे. माझी कधी अडकली नव्हती आणि त्याचा मला भारी तोरा होता.

कारण बाबांची परीक्षा. पिस्तुलाची नळी सुटी करायची, एकेक काडतूस तिच्यात सोडायचं आणि नळी स्टीलच्या ताटलीवर पालथी धरायची. काडतूस आपसूक टणकन पडलं तर पास. ताटली जेवणाचीच. आई होती तेव्हा यावरून रोज कटकट करायची.

या उन्हाळ्यात अकोल्याच्या स्पर्धेत माझं चौथं काडतूस अडकलं. मग सातवं. मागे खुर्चीवर बाबा बसले होते. मी वळून पाहिलंच नाही.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो.

"काहून अडकलं वं?" बाबांनी विचारलं.

"स्प्रिंग ढिली झाली असन," मी ठोकून दिलं.

खरं मला माहीत होतं. बाबांना नीट दिसत नाही, बोटं थरथरतात, एखादी गोळी तिरपी बसते; आणि परीक्षेत त्याच थरथरीनं नळी हलते, चिकटलेलं काडतूसही पडून पास होतं. पण आई गेल्यापासून हे एकच काम त्यांना सकाळी अंथरुणातून उठवतं. ते माझ्या तोंडून बंद पडावं, हे मला सोसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काडतुसांचा डबा, नळी आणि ताटली माझ्यापुढे ठेवली. "आज तू टाकून पाय. मी ऐकतो."

टण. टण. बाबा डोळे मिटून मान हलवत होते. नववं काडतूस आतच चिकटलं. मी ते नखानं हळूच ओढलं आणि ताटलीत सोडलं.

"पडलं," मी म्हटलं.

"उशिरा वाजलं." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "अन् स्प्रिंग मी सकायीच पायली. चांगली हाये."

मला रडूच फुटलं. ते काडतूस मी बाजूला ठेवलं.

"रडून काहून राहिली? गोळी आता तू बसवत जाय, पास मी करीन," बाबा म्हणाले. "टाक पुढचं."