अन्वरचाचांच्या कॅबिनसमोरची रांग

दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, त्यामुळे जिन्यात रोज सगळे सगळ्यांना भेटायचे. आमच्या समोरच्या दारात अन्वर मुकादम राहायचे, मूळचे श्रीवर्धनचे. माझे बाबा विष्णू त्यांना अन्वरभाई म्हणायचे आणि मी अन्वरचाचा. त्यांची बायको शहरबानूचाची आणि माझी आई यांचा निम्मा दिवस एकमेकींच्या स्वयंपाकघरात जायचा. त्यांची मुलगी उझमा माझ्या वर्गात होती. आम्ही दोघी आपसात इंग्लिशमध्ये बोलायचो. चाची ओरडायची, "दोन मराठी पोरी आणि ही कसली किटकिट!"

चाचा सनय्यात, म्हणजे गावाबाहेरच्या कारखान्यांच्या भागात, सुटे भाग जोडून उभ्या होणाऱ्या पोर्टा कॅबिन बनवणाऱ्या एका कंपनीत फोरमन होते. घरी आले की त्यांच्या भुवयांमध्ये लाकडाचा भुसा असायचा आणि कपड्यांना नव्या प्लायवूडचा वास. तो वास मला आजही कुठल्या फर्निचरच्या दुकानात आला की मी दोन पावलं मागे येऊन उभी राहते.

चौऱ्याण्णव साली त्यांच्या कंपनीला मोझांबिकची ऑर्डर मिळाली. त्या देशात पंधरा-सोळा वर्षं यादवी चालली होती. आता तह झाला होता, आणि संयुक्त राष्ट्रांचं मिशन तिथे येऊन बसलं होतं. दोन्हीकडच्या सैनिकांनी छावण्यांमध्ये यायचं, बंदुका जमा करायच्या आणि घरी जायचं. मग देशात निवडणूक व्हायची. त्या छावण्यांसाठी दवाखाना, ऑफिस, कोठारं अशा कॅबिन हव्या होत्या, आणि त्या जोडायला कोणीतरी सोबत जायला हवं होतं. सुरुंगांच्या देशात जायला कोण तयार होणार? चाचा तयार झाले.

"तीन महिन्यांचं काम आहे, वहिनी," ते आईला म्हणाले. "गेलो आणि आलो."

एप्रिलमध्ये आम्ही सगळे बाबांच्या गाडीत कोंबून बसून त्यांना शारजा एअरपोर्टवर सोडायला गेलो. चाचीने बोंबलाची चटणी इतकी घट्ट बांधून दिली होती की मोझांबिकमध्ये ती उघडायला पक्कड लागली, असं चाचा नंतर सांगायचे.

तिथे सगळंच लांबत गेलं. रस्ते सुरुंगांमुळे बंद होते, ट्रक अडकून पडत होते. छावणीतले सैनिक बंदुका देऊन आंब्याच्या झाडांखाली बसून असत. बहुतेक अगदी कोवळी मुलं. त्यांना घरी न्यायला गाड्या येणार होत्या, पण त्या येत नव्हत्या. एके दुपारी त्यांचा धीर सुटला. त्यांनी रस्त्यावर ओंडके टाकले आणि कॅबिनना गराडा घातला. गाड्या येईपर्यंत मिशनच्या एकाही माणसाला बाहेर सोडणार नाही, म्हणाले. आत अन्वरचाचा आणि एक बांगलादेशी डॉक्टर होते. डॉक्टर रेडिओवर हेडक्वार्टरला हाका मारत राहिले. चाचांना बसवेना, म्हणून त्यांनी अर्धवट राहिलेलं शेल्फ कापायला घेतलं.

करवतीचा आवाज ऐकून खिडकीत एक सैनिक येऊन उभा राहिला. आल्बेर्तो त्याचं नाव. त्याने खुणेने विचारलं, मला दार करून देशील? त्याचं घर लढाईत जळलं होतं, आई दाराच्या जागी कापड लावून राहत होती. कॅबिनचे भाग ज्या लाकडी खोक्यांमधून अजमानहून आले होते, ती खोकी बाहेर पडून होती. चाचांनी त्यांच्या फळ्या काढून एक दार ठोकून दिलं. मग दुसरा आला, मग तिसरा. गराडा घालणारेच फळ्या धरायला लागले. "पण दारांमुळे कोणी शांत झालं नाही हां," चाचा नेहमी बजावून सांगायचे. "दुसऱ्या दिवशी ट्रक आले, तेव्हा शांत झाले." त्या ट्रकांवर माणसांबरोबर ती दारंही चढली. प्रत्येकावर काळ्या अक्षरांत अजमानचा पत्ता.

ऑक्टोबर आला. एका शुक्रवारी दुपारी आमच्या घरी फोन वाजला. चाचांच्या घरी फोन नव्हता, ते आमच्याकडेच करायचे आणि आम्ही चाचीला बोलवायचो. आवाज खूप लांबून येत होता, म्हणून बाबांनी स्पीकर लावला.

"बुधवारी फ्लाइट आहे ना तुमची?" चाचीने विचारलं.

"बानू, मी अजून थोडे दिवस थांबतो. इथे मतदान आहे. माझ्याच कॅबिनमध्ये."

"मग? तुम्ही मत देणार आहात?"

"मी कुठला! पण कॅबिन एका बाजूने खचलीय. म्हातारी माणसं येतील, त्यांना चढायला उतार करायचाय, कठडा करायचाय. कंपनी दुसरा माणूस पाठवत नाही."

"सहा महिन्यांवर बाहेर राहिलात तर व्हिसा जातो. माझा आणि उझमाचा व्हिसा तुमच्याच नावावर आहे. माहीत आहे ना?"

"कंपनी लिहून देईल गो. इन्शाल्ला, होईल सगळं."

"मला इन्शाल्ला सांगू नका. पोरीची शाळा आहे."

 मग चाचा म्हणाले, "इथे लोक लांबून चालत येतात आणि कॅबिन बघून जातात. भिंतीला हात लावून बघतात. आता मी कसा निघू, तूच सांग."

 चाचीने फोन ठेवला आणि आमच्या सोफ्यावर बसून राहिली. आईने दिलेला चहा तिथेच गार झाला.

चाचा थांबले. उतार केला, कठडा केला. मतदानाच्या दिवशी पहाटेपासून कॅबिनसमोर रांग लागली, ती थेट आंब्यांच्या पलीकडे गेली. अन्वरचाचा एकोणिसाव्या वर्षी गल्फमध्ये आले होते. त्यांचं नाव कुठल्याच मतदारयादीत नव्हतं. ते दिवसभर कठड्याशी उभे राहून एकेका म्हाताऱ्याला हात देत होते.

कंपनीने लिहून दिलं नाही. बाबा स्वतः मॅनेजरला भेटायला गेले. "खलास, विष्णूभाई," तो म्हणाला. "हमने टाइम पे टिकट भेजा था." चाचांचा व्हिसा गेला, आणि त्याबरोबर चाचीचा आणि उझमाचाही. चाचा तिकडून परस्पर मुंबईला उतरले. इकडे आई आणि चाचीने मिळून घर आवरलं. उझमा वर्ग अर्ध्यावर सोडून गेली. जाताना तिने मला तिची कंपासपेटी दिली. समोरच्या दारात एक फिलिपिनो कुटुंब आलं. चांगली माणसं होती, पण त्यांचं दार बंद असायचं.

दीड वर्षाने चाचा एकटेच परत आले. युसुफ नावाच्या गाववाल्याच्या सुतारखान्यात त्यांना काम मिळालं. फोरमन होते, ते पुन्हा कारागीर झाले. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे आणि जेवण झालं की मोझांबिक सुरू व्हायचं. बाबा पानावरून उठायला विसरायचे.

चाची आली ती नव्याण्णव साली. उझमा दहावीसाठी श्रीवर्धनलाच आजोळी राहिली. सुट्टीत आली तेव्हा मी सवयीने इंग्लिशमध्ये सुरू झाले. ती मराठीत उत्तरं देत राहिली, श्रीवर्धनच्या हेलात. आम्हाला पुन्हा जुळायला ती सगळी सुट्टी लागली.

चाची मोझांबिकचं नाव निघालं की उठून आत जायची. भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायला घ्यायची. चाचांना ते कळायचं. ते आवाज खाली आणायचे, पण सांगायचं थांबवायचे नाहीत.

मी कॉलेजला असताना एका शुक्रवारी बाबांचे ऑफिसातले हेमचंद्र काका आमच्याकडे आले होते. चाचांनी त्यांना रांगेची गोष्ट सांगायला घेतली. "एक म्हातारी आली. काठीसुद्धा नाही. मी हात दिला, तर तिने झटकला. माझा कठडा धरून एकटी वर चढली. मत देऊन बाहेर आली आणि..." चाचा पाणी प्यायला थांबले.

"आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली," आतून चाचीचा आवाज आला. ती ओल्या हातांनी दारात आली होती. "तिला वाटलं, दोनदा द्यायचं असतं. लोकांनी समजावलं तरी जाईना. शेवटी यांनी तिला कॅबिनच्या सावलीत खुर्ची दिली. ती संध्याकाळपर्यंत बसून सगळ्यांना आत जाताना बघत होती. खरं ना?"

चाचा तिच्याकडे बघतच राहिले. "खरं," म्हणाले.

"मग नीट सांगा की. मध्येच काय पाणी पिता!"

हेमचंद्र काका हसले. आई हसली नाही. तिने उठून चाचीला स्वतःशेजारी जागा करून दिली, आणि चाची बसली.

दोन हजार सातमध्ये ते दोघं कायमचे श्रीवर्धनला गेले. उझमाचं लग्न ठरलं होतं. मी तेव्हा अल ऐन शहरात शिकवायला लागले होते. सुट्टी काढून निरोप द्यायला आले. चाचांनी सामानात फक्त हत्यारांची पेटी घेतली होती, आणि ती वजनात बसेना म्हणून एअरपोर्टवर सगळ्यांसमोर उघडून मागे काय ठेवायचं, रंधा की करवत, यावर दोघांचं भांडण चाललं होतं. रंधा मी ठेवून घेतला.