नाकावरचा पंचा

आखातातल्या दार्सैतच्या चौकातला तो गुहागरकडचा माळी सिग्नल लाल होण्याआधीच पंचा नाकावर ओढायचा. थांबलेल्या गाड्यांची इंजिनं एसीसाठी चालूच असत आणि त्याचा खोकलाही.

मग सिग्नल काढून तिथे गोल चौक केला. गाड्या थांबेनात, धूर ओसरला. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी शुद्ध हवेवर भाषणं केली. त्यांच्या गाड्या तासभर इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या.

"आता खोकला जाईल तुमचा," मी म्हणालो.

"कुठला जातो, दादा! चौकात प्लास्टिकचं गवत घातलंय. अर्बाब, आमचा मालक, बोलला, इथलं काम खलास, यल्ला, चल पुढच्या सिग्नलला!"

काल त्या पुढच्या सिग्नलला मी थांबलो. त्याने ओळखून हात हलवला आणि मग पंचा नाकावर ओढला. माझा एसी चालूच होता.